रणपिसेबाईंची डबी

वाट पाहणं हा माझा प्रांत नव्हे. दूध उतू जायच्या भीतीनं मी ते आधीच उतरवते आणि मग कच्च्या दुधाचा चहा सगळ्यांना पाजते, असं आमच्या घरात माझ्याबद्दल म्हणतात. लग्न, नोकरी, भांडणं, समेट, सगळं मी घाईनंच केलं. तेव्हा रणपिसेबाईंबद्दल लिहायला मी सगळ्यांत नालायक बाई आहे. पण त्यांना जवळून ओळखणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. आणि एक गोष्ट अशी आहे, जी आज माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. ती सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

कल्याणच्या मुलींच्या शाळेत आम्ही दहाएक वर्षं एकत्र होतो. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या जूनमध्ये त्या आल्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, पांढरं लुगडं, त्याला बारीक निळा काठ, कोपरापर्यंत पोलकं आणि मोकळं कपाळ. हेडबाईंनी ओळख करून दिली, "या एस्तेर रणपिसे. नगरकडच्या आहेत. ख्रिस्ती आहेत." शेवटचं वाक्य त्यांनी कुणाचा आजार सांगावा तसं आवाज उतरवून सांगितलं. रणपिसेबाईंनी हात जोडले आणि त्यांच्या मंडळींत म्हणतात तसं "सलाम" म्हणाल्या. मधल्या सुट्टीत आमच्यातल्या दोघी वयस्कर बायकांनी पाण्याचा माठ उचलून पलीकडच्या खोलीत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी रणपिसेबाई घरून स्वतःचा तांब्या घेऊन आल्या आणि खिडकीपाशी बसल्या. त्या माठाबद्दल त्या पुढं कधी बोलल्या नाहीत. मीही तेव्हा उठून काही बोलले नाही, तेही इथंच लिहून ठेवते.

तांब्याशेजारी त्यांची डबी असायची, रोज घरून आणायच्या आणि संध्याकाळी परत न्यायच्या. औषधाच्या वड्यांची पत्र्याची चपटी डबी, वरचा रंग उडालेला. आत कागदाच्या बोटभर लांबीच्या सुरळ्या दाटीनं उभ्या करून ठेवलेल्या. प्रत्येक सुरळीवर त्यांच्या शास्त्रातलं एकेक वचन. त्यांच्या आईनं, त्या लहान असताना, बोरूनं लिहिलेली. कागद जुना होऊन चहाच्या रंगाचा झालेला. रोज शाळा भरण्याआधी रणपिसेबाई अंबाड्यातला आकडा काढायच्या, त्यानं एक सुरळी उचलायच्या, वाचायच्या आणि परत गुंडाळून जागच्या जागी खोचायच्या. मग डबी आमच्यापुढं धरायच्या. "घ्या. सकाळचा खाऊ आहे." बाकीच्या हसून नको म्हणायच्या. मी घ्यायचे. मला कोणतीही गोष्ट फुकट मिळाली की सोडवत नाही.

एकदा मी त्यांना विचारलं, "काही अडलं की यातूनच कौल घेता का?"

त्या चक्क रागावल्या. रागावल्या की त्यांच्या बोलण्यात नगर डोकावायचं. "कौल कसला वो? ही काय चिठ्ठ्या टाकायची गंमत हाय? डबीतून खायचं असतं, बाई. उत्तर डबीत शोधायचं नसतं. ते त्याला द्यायचं तेव्हा तो देतो."

"आणि नाही दिलं तर?"

"तर थांबायचं."

हे थांबणं मी पुढं पुष्कळ पाहिलं. काही ठरवायची वेळ आली की त्या टेबलापाशी बसून डावा हात उताणा ठेवायच्या, कुणी काही हातावर ठेवणार आहे अशा बेतानं. डोळे मिटायच्या नाहीत, पुटपुटायच्या नाहीत. पाच-दहा मिनिटांनी हात उचलून कामाला लागायच्या. कुणी विचारलं, "काय ठरलं, रणपिसेबाई?" की उत्तर ठरलेलं, "अजून सांगितलं नाही त्यानं." शाळेत त्याची टिंगल व्हायची. फळा कुठं टांगायचा असं विचारलं तरी कुणीतरी म्हणायचं, "थांबा हं, अजून सांगितलं नाही त्यानं." त्याही हसायच्या.

पारनाक्याजवळ त्यांची भाड्याची खोली होती. एकदा मालकानं महिन्याची मुदत दिली, पुतण्या येणार आहे म्हणून. त्या दिवसांत कल्याणात खोली मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं होतं. निर्वासितांच्या लोंढ्यानं गाव भरून गेलं होतं, लोक ओसऱ्या भाड्यानं घेत होते. मी त्यांच्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकून आले. बाई स्वस्थ. तीन आठवडे गेले. "सामान तरी बांधा," मी म्हटलं. "कुठं जायचं ते कळल्याशिवाय गाठोडं कसं बांधू?" त्या म्हणाल्या. शेवटच्या आठवड्यात पुतण्याचं लग्न मोडलं, तो आलाच नाही. मालक स्वतः सांगायला आला. मला त्यांचा इतका संताप आला की मी दोन दिवस धड बोलले नाही. माणसाला आयतं मिळालेलं दुसऱ्या माणसाला सहन होत नाही हेच खरं.

दर शनिवारी दुपारी त्या निर्वासितांच्या छावणीत शिवण शिकवायला जायच्या. एकदा मला बरोबर नेलं. वर्ग संपल्यावर एका बराकीपुढं एक सिंधी बाई बसली होती, तिच्याशेजारी रणपिसेबाई जाऊन बसल्या. त्या बाईचा नवरा मागं राहिला होता, तो जिवंत आहे की नाही याचा पत्ता नव्हता. दोघी सूप मध्ये घेऊन तांदूळ निवडत राहिल्या. तासभर. एक अक्षर नाही. हिला सिंधी येत नाही, तिला मराठी. परत येताना मी म्हटलं, "अहो, देव आहे, सगळं ठीक होईल, एवढं तरी मोडक्या हिंदीत सांगायचं." त्या म्हणाल्या, "ठीक होईल असं मला कुठं सांगितलंय त्यानं? मी आपली तिच्याबरोबर थांबले." तो नवरा आला की नाही हे मला माहीत नाही. पुढं त्या बाईला दुसऱ्या छावणीत हलवलं.

आमच्या हेडबाई निवृत्त झाल्या तेव्हा कमिटीनं आधी रणपिसेबाईंना विचारलं. शिक्षण त्यांचं जास्त होतं. त्यांनी आठ दिवस मागून घेतले. आठाचे पंधरा झाले. अध्यक्ष कंटाळले आणि ती जागा त्यांनी मला दिली. मी अर्थातच पाच मिनिटांत हो म्हटलं. पेढे घेऊन मी त्यांच्यापुढं गेले तेव्हा माझी मान वर होत नव्हती. त्यांनी पेढा घेतला, सगळा खाल्ला. "बरं झालं. आता कळलं मला." त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पण नव्हता.

आता शमुवेलबद्दल सांगायला हवं.

शमुवेल त्यांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा, रणपिसेबाईंनीच त्याला वाढवला, त्यापायी लग्न केलं नाही. कल्याणला रेल्वेच्या मालधक्क्यावर तो कारकून होता. रविवारी उपासनेत पेटी वाजवायचा. सडपातळ, हसरा आणि बहिणीची थट्टा करण्यात पटाईत. "आमच्या आक्काचं असं आहे बाई, घराला आग लागली तरी ती आधी विचारणार, बाहेर पडू का?" आक्का त्याच्या पाठीत धपाटा घालायची. नाताळात मी त्यांच्याकडं करंज्या खायला जायचे तेव्हा त्या एवढ्याशा खोलीत काय हसणं चालायचं. ते हसणं मला अजून आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं.

स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली असतील, त्याला खोकला लागला. मग ताप. मग एका सकाळी रुमालावर रक्त. सुया सुरू झाल्या. महाग आणि मुश्किलीनं मिळणाऱ्या. दोन-तीन महिने बरं वाटलं, वजन भरलं, आणि मग त्याच सुया लागू पडेनाशा झाल्या. नोकरी सुटली. रणपिसेबाईंनी खोलीत मधोमध चादर टांगली आणि त्याची खाट दारालगत, वाऱ्यावर ठेवली.

घाटावरच्या एका मिशन इस्पितळात त्याला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, एका बाजूच्या फासळ्या काढून ते फुप्फुस मिटवून टाकता येईल. मोठं ऑपरेशन आहे. जगला तर बरीच वर्षं जगेल. नाहीतर पडून राहायचं, खायचं, विश्रांती घ्यायची. परदेशात नवीन औषधं निघतायत म्हणतात, ती इकडं कधी येतील सांगता येत नाही. तुम्ही ठरवा. त्या ठरवा शब्दानंच घात केला. रणपिसेबाई घरी आल्या आणि त्यांनी डावा हात टेबलावर उताणा ठेवला.

एक महिना गेला. दुसरा गेला. शुक्रवारी उपास धरू लागल्या. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले. मंडळीतले काही म्हणाले करा, काही म्हणाले देवाच्या हाती सोडा. मी रोज विचारायचे आणि रोज तेच उत्तर मिळायचं. आता शाळेत त्या वाक्याची टिंगल कुणी करत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात इस्पितळाचं कार्ड आलं. खाट राखून ठेवली आहे, महिनाअखेर कळवा, नाहीतर दुसऱ्या रुग्णाला देऊ.

"अहो, तो मरेल असा पडून," मी एकदा त्यांना स्पष्टच म्हटलं.

"मी चुकले तर तो माझ्या हातून मरेल, टिपणीसबाई," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं, मला घाई नाही?" त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला त्यांची दया यायला हवी होती. मला राग आला.

एका संध्याकाळी त्या प्रार्थनेला गेल्या असताना मी शमुवेलजवळ बसले होते. "तू का नाही ठरवत?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मी ठरवलं आणि काही बरंवाईट झालं, तर आक्का म्हणेल, मी त्याला थांबवलं का नाही. जन्मभर स्वतःला खाईल. तिचं तिला कळू दे. मी थांबतो." मग खोकून झाल्यावर म्हणाला, "पण कंटाळा आलाय हो, बाई."

मी विचारलं, "तुमच्या शास्त्रात ऊठ, जा, अशा अर्थाचं काही आहे का रे?"

"पुष्कळ ठिकाणी. आमचा देव सारखा झोपलेल्या माणसांना उठवून कुठंतरी पाठवतच असतो." त्यानं उशाचं शास्त्र उघडून एक जागा दाखवली. मग माझ्याकडं पाहिलं, खिडकीतल्या डबीकडं पाहिलं, आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. त्याला कळलं होतं. नको असं तो म्हणाला नाही.

डबीतली एक सुरळी मी घरी नेली. तीन दिवस त्या अक्षराचा सराव केला. त्यांच्या आईची वेलांटी फार लांब जायची, तशी काढली. बोरू मिळवला. शाळेतल्या कागदाची पट्टी कापली, वचन लिहिलं, घट्ट गुंडाळलं. चौथ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन नेलेली सुरळी परत ठेवली आणि माझी तिच्याशेजारी, कडेला, थोडी वर उचलून खोचली. मी हेडबाई होते, मुलींना खोटं बोलू नये म्हणून सांगायचे. पण खरं सांगते, त्या वेळी मला जरासुद्धा लाज वाटली नाही. मी एक जीव वाचवतेय अशीच माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी आकडा काढला. सुरळी उचलली. उलगडली. एरवी चार ओळी वाचायला लागतो तेवढाच वेळ लागायचा, त्या दिवशी त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मी हजेरीपट उलटापालटा करत होते. त्यांनी सुरळी गुंडाळून परत खोचली. त्या दिवशी डबी आमच्यापुढं धरली नाही. मधल्या सुट्टीत पोस्टात जाऊन कार्ड टाकून आल्या आणि रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. मी सही केली.

ऑपरेशन झालं. बारा दिवसांनी मला एक कार्ड आलं. "शमुवेल काल सकाळी प्रभूमध्ये झोपी गेला. ऑपरेशन नीट झालं होतं, शक्ती उरली नव्हती. चौथीच्या निबंधाच्या वह्या कपाटाच्या खालच्या खणात आहेत, तपासून झाल्या आहेत, मुलींना द्याव्यात. सलाम." वह्या मी स्वतः वाटल्या. शेवटच्या वहीपर्यंत लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं होतं.

त्या परत आल्या, शिकवू लागल्या. खोलीतली मधली चादर काढली नव्हती. उपासनेत पेटी कुणी वाजवेनासं झालं, नुसतं टाळ्यांवर गाणं चालायचं. डबी पुन्हा खिडकीत आली. मी मात्र पुन्हा कधी त्यातून काही घेतलं नाही. उशीर झालाय, घाई आहे, अशा सबबी सांगायचे.

आणि मग, दोनच वर्षांनी, त्या गोळ्या आल्या. आमचा लक्ष्मण शिपाई क्षयानं अंथरुणाला खिळला होता. त्याची आशा आम्ही सोडली होती. डॉक्टरांनी सुयांच्या जोडीला नव्या गोळ्या दिल्या. ना फासळ्या काढल्या ना काही. घरीच पडून राहिला आणि वर्षाच्या आत बरा होऊन कामावर आला. रणपिसेबाई त्याला रोज एक उकडलेलं अंडं आणून द्यायच्या, सालं स्वतः काढून. तो शाळेची घंटा द्यायला लागला. दिवसातून आठ वेळा ती घंटा व्हायची आणि आठही वेळा माझ्या मनात यायचं की मी गप्प बसले असते तर. थोडं थांबले असते तर. त्यांच्या देवानं थांब म्हटलं होतं की नव्हतं ते मला कळत नाही, पण ऊठ आणि जा असं त्यानं म्हटलं नव्हतं, ते मी म्हटलं होतं. ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितली नाही.

त्या निवृत्त झाल्या आणि नगरकडं मावसबहिणीकडं राहायला निघाल्या. आम्ही तोवर ठाण्याला नौपाड्यात बिऱ्हाड केलं होतं. त्यांच्या निघण्याच्या दिवशी दुपारी मी कल्याणला गेले. खोली रिकामी झाली होती. एक ट्रंक, एक वळकटी, आणि खिडकीत डबी. टांगा यायला अवकाश होता. त्या वळकटीवर बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी हात लांब करून डबी घेतली आणि उघडून माझ्यापुढं धरली.

"घ्या. पुष्कळ वर्षांत घेतलं नाहीत."

माझा हात पुढं होईना. त्यांनी ते पाहिलं.

"घाबरू नका. तुमची नाही येणार," त्या म्हणाल्या. "तुमची मी ओळखते. तिचा कागद पांढरा आहे."

मी डबीत पाहिलं. चहाच्या रंगाच्या सुरळ्यांत ती एक, कडेला, अगदी उघड. अक्षराची मी केवढी काळजी घेतली होती, आणि कागदाचा रंग माझ्या ध्यानातही आला नव्हता. इतक्या वर्षांत ती थोडी मळली होती, पण तरी पांढरी ती पांढरीच.

"त्याच दिवशी कळलं तुम्हाला?"

"हातात घेतल्याबरोबर."

"मग गेलात कशाला?" माझा आवाज चढला. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं. "डबीतून उत्तर घेत नाही म्हणायचात ना? आणि ही तर खोटी होती."

"डबीचं म्हणून नव्हतंच घेतलं," त्या म्हणाल्या. "तीन महिने हात उघडा ठेवून बसले होते, बाई. काही पडलं नाही त्यावर. आणि मग बघते तर, तुम्ही. शास्त्र न मानणाऱ्या. एका जागी दोन मिनिटं न बसणाऱ्या. माझ्या आईची वेलांटी गिरवत बसलात. एवढं कुणी उगीच करत नाही. मला वाटलं, त्याला दुसरं माणूस मिळालं नसेल."

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. जरा वेळानं मी विचारलं, इतकी वर्षं जे विचारायचं होतं तेच विचारलं. "आणि शमुवेल? ते मग कसं? थांबला असता तर लक्ष्मणसारखा..."

त्यांनी डबीचं झाकण लावलं. दोनदा दाबून पाहिलं.

"ते मी रोज विचारते," त्या म्हणाल्या. "अजून सांगितलं नाही त्यानं."

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं. असं कधी ऐकलं नव्हतं.

टांगा आला. ट्रंक पुढं ठेवली, वळकटी पायाशी. त्या मागच्या बाजूला, मागं पडणाऱ्या रस्त्याकडं तोंड करून बसल्या, म्हणजे जाताना त्या मला दिसत राहिल्या आणि मी त्यांना. "सलाम, टिपणीसबाई," म्हणाल्या. डबी मांडीवर होती, उजवा हात तिच्यावर. डावा हात गुडघ्यावर उताणा, उघडा. पारनाक्याच्या वळणापर्यंत मी पाहत उभी राहिले. हात तसाच होता, आणि त्यावर काही नव्हतं.